एका नर्सकडे किती पेशंट, हे कायद्यात लिहा : महाराष्ट्राच्या आमदारांना खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ सन्माननीय सदस्यांना,

सस्नेह नमस्कार.

मी सरकारी हॉस्पिटलमधून रिटायर झालेली नर्स. आधी अधिपरिचारिका होते, मग परिसेविका झाले, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. नोकरीत होते तोवर असं उघड पत्र लिहिता येत नव्हतं, सेवेचे नियम आड येतात, त्यामुळे संघटनेतर्फे निवेदन द्यायचं, अधिसेविका मॅडमच्या, म्हणजे मेट्रनच्या, सहीने वर पाठवायचं आणि वाट बघायची एवढंच हातात होतं. आता ते बंधन राहिलं नाही म्हणून थेट तुम्हाला लिहितेय. मंत्री साहेबांना एकट्यांना न लिहिता सगळ्या आमदारांना का, तर सार्वजनिक आरोग्य आणि हॉस्पिटलं हा विषय राज्यघटनेत राज्य सूचीत आहे, तो आपला विषय आहे, दिल्लीकडे बोट दाखवायची गरज नाही. आणि मला जे हवंय ते जीआर काढून होणारं नाही. जीआर मी नोकरीत खूप पाहिले, एक यायचा, दुसरा त्याला बदलायचा, तिसरा कुणी पाळायचाच नाही. यासाठी कायदाच लागतो आणि तो करणं तुमच्या हातात आहे.

मागणी पहिल्यांदा सांगते, कारण कामाच्या गडबडीत पत्र शेवटपर्यंत वाचलं जाईलच असं नाही. प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक शिफ्टला, एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट असतील हा आकडा महाराष्ट्राच्या कायद्यात लिहा, सरकारी आणि खासगी दोन्ही हॉस्पिटलना तो लागू करा, आणि पाळला गेला नाही तर जबाबदार कोण हेही त्याच कायद्यात लिहा. नर्सेसचे प्रश्न पुष्कळ आहेत, पगार, सुरक्षा, शिक्षण, प्रमोशन, त्यातले काही पुढे सांगतेच, पण माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे आणि हे एक झालं तर बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप मार्गी लागतील.

कुणी म्हणेल नॉर्म तर आहेतच की. आहेत, आणि फार जुने आहेत. केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने १९९१-९२ मध्ये जनरल वॉर्डला ६ बेडमागे १ नर्स, आयसीयूला एका बेडला १ नर्स असं ठरवून दिलं आणि रजा-सुट्ट्यांसाठी वर ४५ टक्के जादा पदं धरायला सांगितली. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे आकडे त्याहून चांगले, टीचिंग हॉस्पिटलला ३ बेडमागे १, बाकी हॉस्पिटलला ५ बेडमागे १ आणि ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह. हे सगळं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं जातं, परीक्षेत विचारलं जातं, आम्ही लिहून मार्क मिळवतो, आणि मग वॉर्डात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळतं की हे मोडलं म्हणून कुणाचं काही होत नाही. मार्गदर्शक तत्त्व आणि कायदा यात फरक असतो हे तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण जाणणार.

आणि हे आकडे मोजायची पद्धतच अशी आहे की त्यात रात्रपाळी दिसत नाही. ६० बेडचा वॉर्ड धरा. १:६ प्रमाणे दहा नर्सेस मंजूर झाल्या, कागदावर सगळं ठीक. लीव्ह रिझर्व्हची पदं भरलेलीच नसतात त्यामुळे याच दहा जणींना सात दिवस आणि तीन शिफ्टमध्ये वाटायचं. रोज एक-दोघी वीकली ऑफवर, एक मॅटर्निटी लीव्हवर, एखादी आजारी, एखादी ट्रेनिंगला किंवा दुसऱ्या डिपार्टमेंटला डेप्युटेशनवर पाठवलेली. सकाळी राऊंड असतो, ओटी म्हणजे ऑपरेशनं असतात, म्हणून सकाळी जास्त लागतात. मग रात्रीला उरते एक, फार तर दोन. म्हणजे कागदावरचं १:६ रात्री १:३० होतं आणि कधी कधी १:६०. शिवाय बेड ६० आहेत म्हणून पेशंट ६० असतात असंही नाही, डेंग्यूच्या सीझनला दोन बेडच्या मधे जमिनीवर गादी घालून पेशंट घेतलेले असतात, त्यांना परत पाठवता येत नाही आणि पाठवूही नये, पण त्या गाद्यांसाठी जादा नर्स कुणी देत नाही. म्हणून माझी विनंती आहे की आकडा एकूण पदांवर न मोजता शिफ्टवर मोजा, आणि मंजूर बेडवर न मोजता त्या वेळी वॉर्डात असलेल्या माणसांवर मोजा. या दोन गोष्टी कायद्यात आल्या नाहीत तर कायदा होऊनही वॉर्डात काही बदलणार नाही.

एक रात्र कशी जाते ते सांगते, म्हणजे आकड्यांना अर्थ येईल. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास, ७२० मिनिटं. दोघी ड्युटीवर आहेत, ६० पेशंट आहेत, म्हणजे एका पेशंटच्या वाट्याला पूर्ण रात्रीत २४ मिनिटं. एकटी असेल तर १२. त्यात ओव्हर घेणं, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती घेणं, रात्रीची इंजेक्शनं, सलाईन बदलणं, बीपी, शुगर, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, युरिन बॅग रिकाम्या करून आऊटपुट लिहिणं, पहाटेची इंजेक्शनं, सकाळी लॅबला पाठवायची ब्लड सॅम्पल, आणि या सगळ्यात मधेच येणाऱ्या नवीन अॅडमिशन. ज्या बाईची नुकतीच डिलिव्हरी झाली तिला पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बघायचं असतं, बीपी, नाडी, गर्भाशय कडक झालंय का, अंगावरून किती जातंय. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बाई दोन तासांत हातची जाऊ शकते, आणि ते ओळखायचं साधन म्हणजे सिस्टरचा पोटावर ठेवलेला हात आणि तिची नजर, दुसरं काही महागडं मशीन नाही. तसंच ब्लड लावलं की पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नसतं, कारण जीवघेणी रिअॅक्शन बहुतेक तेव्हाच दिसते. आता सांगा, एक नर्स एका पेशंटच्या पिशवीजवळ पंधरा मिनिटं उभी राहिली, पलीकडे एका बाळंतिणीला बघायची वेळ झाली आणि तेवढ्यात कॅज्युअल्टीतून स्ट्रेचर आला, तर तिने नेमकं कुणाला सोडायचं? हा निर्णय रोज रात्री बावीस-तेवीस वर्षांच्या मुली घेतायत. कुणाला सोडलं हे केसपेपरवर लिहिलेलं नसतं, तिथे सगळ्या वेळा भरलेल्या असतात, कारण रकाना रिकामा ठेवला तर मेमो मिळतो.

हे फक्त माझं म्हणणं आहे असं समजू नका. २०१४ साली लॅन्सेटमध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या ३०० हॉस्पिटलचा अभ्यास आला होता, चार लाखांहून जास्त ऑपरेशनचे पेशंट त्यात होते, आणि त्यात दिसलं की नर्सवर एक पेशंट वाढला की अॅडमिट झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. एक पेशंट वाढला तर हे. आपल्याकडे एकेका नर्सवर वीस-वीस पेशंट जास्त असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला, २००४ पासून लागू केला, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात २००५ पासून एका नर्सला पाचच पेशंट. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २०१६ मध्ये सकाळ-संध्याकाळ १:४ आणि रात्री १:७ ठेवलं, आणि तिथल्या हॉस्पिटलांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की मृत्यू कमी झाले, पेशंट परत अॅडमिट होण्याचं प्रमाण कमी झालं, हॉस्पिटलमधला मुक्काम कमी झाला, आणि त्यातून जे पैसे वाचले ते जादा नर्सेसवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होते. आपण लगेच १:४ करू शकत नाही हे मला कळतं, मी तसं मागतही नाहीये. पण स्वतःच्या देशाचे नॉर्म तरी? कायद्यात टप्पे घाला, पहिल्या वर्षी आयसीयू, एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचं युनिट) आणि लेबर रूम, मग सर्जिकल, मग बाकीचे वॉर्ड. पण आकडा आणि तारीख दोन्ही लिहा.

आता एक विषय जो आम्हा सगळ्यांच्या मनात खोल रुतून बसलाय. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या युनिटला आग लागली, दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयूला आग लागली, अकरा पेशंट गेले. भंडाऱ्यात दोन नर्सेसवर गुन्हा दाखल झाला, नगरला एका डॉक्टरबरोबर तीन नर्सेसना अटक झाली. ज्या घरातली माणसं गेली त्यांचं दुःख मोठं आहे, चौकशी झालीच पाहिजे आणि ज्याची चूक असेल त्याला शिक्षाही झाली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पण वायरिंग कुणी तपासलं, फायर ऑडिट झालं होतं का, स्प्रिंकलर का नव्हते, त्या शिफ्टला किती जणी असायला हव्या होत्या आणि किती होत्या, हे प्रश्न नर्सच्या अटकेच्या आधी विचारले जायला हवेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या हॉस्पिटलला २४ तासांत अठरा पेशंट गेले, ऑक्टोबर उजाडता उजाडता नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये २४ तासांत २४ जण गेले, त्यात १२ नवजात बाळं होती, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, आणि मग आठवडाभर रिक्त पदांची चर्चा झाली. मला असं वाटतं की रिक्त पदांची चर्चा माणसं गेल्यावर होऊ नये. म्हणून कायद्यात एक कलम पाहिजेच, कुठल्याही हॉस्पिटलमधल्या मृत्यूची किंवा दुर्घटनेची सरकारी चौकशी झाली तर त्या शिफ्टला वॉर्डात किती पेशंट आणि किती नर्सेस होत्या हे अहवालात पहिल्या पानावर नोंदवणं सक्तीचं असावं, आणि प्रमाण मोडलेलं असेल तर त्याची जबाबदारी ज्याने पद भरलं नाही त्याच्यावर आधी यावी.

पदं भरायची म्हटलं की लगेच कंत्राटाचा विषय येतो. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी हॉस्पिटलमधल्या नर्सेस बाहेरच्या एजन्सीकडून भरती करण्याच्या विरोधात संपावर गेल्या, जुलै २०२५ मध्ये पगारातल्या त्रुटींसाठी पुन्हा गेल्या. संपावर जाताना सिस्टरला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, आपल्याच वॉर्डातल्या पेशंटला सोडून गेटवर बसायला कुणालाही आवडत नाही. कंत्राटी मुली मन लावून काम करतात, एनएचएममधल्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) मुलींनी कोविडमध्ये जे केलं ते मी जवळून पाहिलंय, पण अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेली मुलगी वरिष्ठांना हे सांगू शकत नाही की सर इथे मॉनिटर बंद आहे, किंवा मी एकटी एवढे पेशंट घेऊ शकणार नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच सहीवर अवलंबून आहे. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी नर्सने बोलणं लागतं आणि बोलायला नोकरीची हमी लागते. नवीन मेडिकल कॉलेज मंजूर करताना, बेड वाढवताना त्याच प्रस्तावात नर्सेसची कायम पदं मंजूर झाल्याशिवाय उद्घाटन करायचं नाही असा नियम करा. बिल्डिंग उभी राहते, फीत कापली जाते, आणि नर्सेस जुन्या हॉस्पिटलमधून डेप्युटेशनवर आणल्या जातात, मग दोन्ही ठिकाणी कमी पडतात.

आहेत त्या नर्सेसचा वेळ कशात जातो तेही बघा. इन्चार्ज सिस्टरकडे चादरी, ब्लँकेट, स्टीलची भांडी, खुर्च्या, स्टूल, सगळ्याचा स्टॉक असतो. धोब्याकडे चादरी मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, पेशंट घरी जाताना ब्लँकेट गेलं तर उत्तर तिने द्यायचं, चार्ज देताना एखादी वस्तू कमी भरली तर भरपाई तिच्या खिशातून. इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, घेऊन स्टोअरला जायचं, औषधाचा स्टॉक ऑनलाईन भरायचा, महात्मा फुले योजनेचे कागद पूर्ण आहेत का बघायचं, रिपोर्ट आणायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नसला तर लॅबलाही तीच. हे काम कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही, कुणीतरी ते केलंच पाहिजे, पण त्यासाठी वॉर्ड क्लार्क आणि स्टोअरकीपर द्या. चार वर्षं बीएस्सी नर्सिंग शिकून आलेली मुलगी उशांचे अभ्रे मोजत बसते तेव्हा तिकडे कुणाची तरी सलाईन संपलेली असते. कायद्यात नर्सिंगची कामं आणि नर्सिंग नसलेली कामं वेगळी लिहिता येतात, तशी लिहा.

खासगीकडे वळते. तिथली परिस्थिती सरकारीपेक्षा पुष्कळ वाईट आहे पण तिथल्या मुलींना युनियन नाही त्यामुळे ऐकू येत नाही. सुप्रीम कोर्टाने २९ जानेवारी २०१६ ला ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितली. समितीने स्पष्ट आकडे दिले. २०० च्या वर बेड असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आतल्या छोट्या हॉस्पिटललाही महिन्याला कमीत कमी २०,००० रुपये. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून २०,००० ची पायरी लागू केली. आपल्याकडे? माझ्या हाताखाली ट्रेनिंग केलेल्या मुली फोन करतात, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन, रजिस्ट्रेशन असून दहा-बारा हजारांवर बारा तासांची ड्युटी करतायत, आणि जॉईन होताना ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतलेलं असतं, सोडायचं म्हटलं तर बाँडचे पैसे भरा म्हणतात. एका मुलीला दुसरीकडे सरकारी सिलेक्शन होऊनही कागदांसाठी महिनाभर झुलवलं. कुणाचं रजिस्ट्रेशन आणि मार्कशीट अडकवून ठेवणं हा दंडनीय गुन्हा आहे असं स्पष्ट कलम करा, हॉस्पिटलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला ते जोडा. आपला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे, त्यात क्वालिफाईड नर्सेस योग्य प्रमाणात असाव्यात असं तेव्हाच लिहून ठेवलंय. योग्य म्हणजे किती हे शिफ्टवार आकड्यात कायद्यातच लिहिलं गेलं तर तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याला विचारायला काहीतरी ठोस मिळेल. आज बऱ्याच छोट्या हॉस्पिटलमध्ये पांढरा कोट घातलेली मुलगी नर्स असेलच असं नाही, आणि पेशंटच्या नातेवाईकाला ते कळायचा काही मार्ग नाही.

यावर उपाय फार साधा आहे आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी बोर्ड लावा, आज या शिफ्टला इतके पेशंट, इतक्या रजिस्टर्ड नर्सेस. सरकारी असो की खासगी. आणि तोच आकडा रोज ऑनलाईन टाका. नातेवाईकांना कळू दे की सिस्टर उशिरा का आली. अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

भांडणाचं निघालंच आहे तर सुरक्षेचं सांगते. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, ड्युटी संपवून कपडे बदलायला त्या तळघरात गेल्या होत्या. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, एक पिढी रिटायर झाली, दुसरीने घेतलं, कुणी कंटाळलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ट्रेनी डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, सुप्रीम कोर्टाने नॅशनल टास्क फोर्स नेमला आणि त्या सुनावणीतही अरुणाचं नाव निघालं. पन्नास वर्षं झाली आणि आजही कितीतरी ठिकाणी सिस्टर लिननच्या कपाटाआड उभी राहून कपडे बदलते, आतून कडी लागणारी खोली नाही, रात्री ब्लड बँकेकडे जायच्या पॅसेजमध्ये दिवा नाही. आपल्या राज्यात २०१० चा हल्लाविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा, नुकसानीची दुप्पट वसुली, कलमं चांगली आहेत. पण तक्रार द्यायला पोलीस स्टेशनला मार खाल्लेल्या सिस्टरनेच जायचं, साक्षीला तिनेच सुट्टी टाकून जायचं, मग बहुतेक जणी सोडून देतात. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या हॉस्पिटलना सांगितलं की सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखांनी एफआयआर करायचा. हेच आपल्या २०१० च्या कायद्यात घाला, फिर्यादी संस्था असावी, आणि साक्षीचा दिवस ड्युटी धरावा. आणि प्रत्येक मजल्यावर कडी असलेली एक चेंजिंग रूम, एवढं तर कुठलंही बिल मांडायच्या आधीही होऊ शकतं.

पाळणाघराचं पण तसंच आहे. २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं आहे. नर्सेसमध्ये बायकाच जास्त, तरी चालू पाळणाघर मी फार कमी हॉस्पिटलमध्ये पाहिलं, आणि रात्री चालणारं तर पाहिलंच नाही. सहा महिन्यांचं बाळ घरी ठेवून नाईट करणारी आई छातीत दूध भरून आल्यावर काय करते हे मला इथे लिहायला संकोच वाटतो, पण तुमच्यातल्या महिला आमदारांना ते न लिहिताही कळेल.

सुई टोचण्याचं थोडक्यात सांगते. घाईत काम करताना सुई टोचते, आणि घाई का असते ते वर लिहिलंय. एचआयव्हीसाठी औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. हे औषध चोवीस तास वॉर्डाच्या आवाक्यात हवं, हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस जॉईन होतानाच सुरू करून सरकारी खर्चाने द्यायला हवेत, कंत्राटी आणि स्टुडंट मुलींनाही. आणि नोंद करणाऱ्या मुलीला ओरडा बसू नये, तो बसतो म्हणून मुली लपवतात.

शिक्षणाबद्दल. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ चा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायदा आणला गेला, त्यात राज्यांनीही आपापला आयोग नेमायचा आहे. रचना मुख्यतः नेमणुकीवर चालणारी आहे, म्हणून आपल्या राज्य आयोगात प्रत्यक्ष बेडसाईडला काम करणाऱ्या, जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सेस बसतील याची काळजी घ्या, नुसती कॉलेजांचे मालक आणि अधिकारी नकोत. तपासणीच्या दिवशी भाड्याने आणलेले शिक्षक उभे करणारी कॉलेजं ही उघड गोष्ट आहे, ती बंद करायची हिंमत त्या आयोगाला लागेल. केंद्राने २०२३ मध्ये मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजं १,५७० कोटींची मंजूर केली, चांगलं आहे, पण नर्सिंग कॉलेजला पहिल्यांदा चांगले पाठ्यनिर्देशक आणि गर्दी नसलेला वॉर्ड लागतो, जिथे स्टुडंटला स्टाफची कमी भरून काढायला न वापरता शिकवलं जाईल. कौन्सिलने क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स आणला, पण कोर्स करून आलेली मुलगी आपल्याकडे परत त्याच पदावर, त्याच अधिकारात काम करते. ग्रामीण भागात डॉक्टर मिळत नाही म्हणून आपण रडतो, तर मग प्रशिक्षित नर्सला ठराविक औषधं लिहायचा, प्रशिक्षित मिडवाइफला नॉर्मल डिलिव्हरी स्वतःच्या जबाबदारीवर करायचा अधिकार आणि तसं पद द्या, अगदी थोड्या तालुक्यांत का होईना सुरुवात करून बघा.

पैसे कुठून आणायचे आणि नर्सेस कुठून आणायच्या, हे दोन प्रश्न तुम्ही विचाराल. पैशांचं क्वीन्सलँडचं उदाहरण वर दिलंय. नर्सेस कुठून, तर देशात रजिस्टर असलेल्या नर्सेस ३३ लाखांच्या वर आहेत, त्यातल्या किती काम करतायत, किती घरी बसल्यात, किती परदेशात आहेत हे त्या रजिस्टरवरून नीट कळत नाही, म्हणून आधी महाराष्ट्राचं लाईव्ह रजिस्टर, म्हणजे सध्या काम करणाऱ्या नर्सेसची यादी, स्वच्छ करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवायचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. मुली गेल्या तर मला आनंदच आहे, त्यांनी जावं, कमवावं, मानाने राहावं. पण जर्मनीला पुरवण्याइतक्या नर्सेस आपल्याकडे आहेत तर गडचिरोली, नंदुरबारला का मिळत नाहीत, याचं उत्तर सभागृहात कुणीतरी मागायला हवं. मला विचाराल तर जिथे एकटीला साठ पेशंट बघावे लागतात, राहायला क्वार्टर नाही, आणि काही झालं तर पहिला मेमो तिलाच, तिथे कुणी का थांबेल.

तुम्हाला कामकाजाची आयुधं माझ्यापेक्षा जास्त माहिती आहेत. कुणीतरी अशासकीय विधेयक मांडावं, पक्ष कुठलाही असो. ते होईपर्यंत येत्या अधिवेशनात प्रत्येकाने आपल्या मतदारसंघातल्या सरकारी रुग्णालयाबद्दल एक प्रश्न द्यावा : नर्सेसची मंजूर पदं किती आणि भरलेली किती हे तर विचाराच, पण त्याच्यापुढे अमुक महिन्याच्या अमुक सात रात्री प्रत्येक वॉर्डात पेशंट किती आणि ड्युटीवर नर्सेस किती होत्या, हे तक्त्यात मागा. पदांचं उत्तर तुम्हाला नेहमी मिळतं, रात्रीचं आजवर कुणी मागितलेलं माझ्या पाहण्यात नाही. ड्युटी लिस्ट आणि सेन्सस, म्हणजे पेशंटची मोजदाद, प्रत्येक वॉर्डात रोज लिहिला जातो, मी स्वतः सगळी नोकरीभर लिहिलाय, त्यामुळे माहिती उपलब्ध नाही असं उत्तर आलं तर ते स्वीकारू नका. विधेयकाचा मसुदा करताना शिफ्टचं प्रमाण, लीव्ह रिझर्व्ह, कुठल्या वॉर्डाला किती, हे बसून लिहायला आम्ही रिटायर झालेल्या सिस्टर केव्हाही यायला तयार आहोत, मुंबईला बोलवा की नागपूरला.

आपली,
सरकारी सेवेतून निवृत्त झालेली एक परिसेविका